इमारतीची उंची जमिनीवर उभं राहून कशी मोजायची

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीला बाहेरून रंग द्यायचं ठरलं. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये इमारतीची उंची ७० फूट लिहिली होती आणि सगळा हिशेब त्या सत्तरावर उभा होता. सभेत एका काकांनी विचारलं, "सत्तर कुणी मोजले?" कुणीच मोजले नव्हते. मूळ नकाशे कपाटात सापडेनात. मी खजिनदार, त्यामुळे नजरा माझ्याकडे वळल्या.

रविवारी सकाळी मुलीची कंपासपेटी घेऊन खाली उतरलो. दहावीच्या भूमितीत दीपगृह आणि जहाजाची इतकी गणितं सोडवली होती, की हे अर्ध्या तासाचं काम वाटलं. दुपारपर्यंत हातात तीन उत्तरं होती: ५५ फूट, ६० फूट आणि ८३ फूट. सूत्र तिन्ही वेळा तेच होतं आणि गुणाकारही बरोबर होते. चुका झाल्या होत्या जमिनीवर: कुठून मोजलं, कुठपर्यंत मोजलं, काय मिळवायचं राहिलं. या लेखात सूत्रं थोडी आहेत, कारण ती पुस्तकात आहेतच. पुस्तकात नसतं ते इथे जास्त आहे.

आधी सामान जमवा

- ३० मीटरची फायबर टेप. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ओळखीच्या गवंड्याकडेही असते. घरातली पाच मीटरची टेप पुन्हापुन्हा सरकवून मोजलं तर प्रत्येक वेळी थोडी चूक जमा होते.
- कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये आणि कोनमापक.
- रिकाम्या बॉलपेनची नळी, दोरा, वजनासाठी एक नट, चिकटपट्टी.
- एक मीटर लांबीची सरळ काठी.
- ओळंबा. नसेल तर दोऱ्याला बांधलेला दगड चालतो.
- खडू, वही, पेन्सिल आणि फोनमधला कॅल्क्युलेटर.
- एक मदतनीस. एकट्याने हे होत नाही असं नाही, पण चिडचिड होते.

कागदपत्रं लागत नाहीत. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा. मी नळी डोळ्याला लावून वर बघत होतो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीचा पडदा खाडकन ओढला होता. लष्करी हद्दीच्या आसपास असले प्रयोग करूच नका.

पायरी १: नेमकी कशाची उंची हवी ते ठरवा

सगळ्यात मोठा घोळ इथेच असतो. इमारतीला "वरचं टोक" एकच नसतं. गच्चीची फरशी असते, तिच्यावर कठडा असतो, मग जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी आणि टाकीवर कुणाची तरी जुनी अँटेना. खालीही तेच. सुरुवात रस्त्यापासून धरायची, पार्किंगच्या फरशीपासून की जोत्यापासून?

रंगासाठी हवी असते जमिनीपासून कठड्याच्या माथ्यापर्यंतची उंची. गच्चीवरून खाली पाइप सोडायचा असेल तर गच्चीच्या फरशीपर्यंतची. आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजवाहक बसवायचा असेल तर अगदी वरच्या टोकापर्यंतची. वहीच्या पहिल्या ओळीत "इथपासून इथपर्यंत" असं लिहा आणि एक साधं चित्र काढून त्यावर दोन फुल्या मारा. मी पहिल्या दिवशी हे केलं नाही. एकदा कठडा बघितला, एकदा टाकी, आणि दोन आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसलो.

पायरी २: पायथ्यापासूनचं अंतर नीट मोजा

कोन मोजायला सगळे जपतात आणि अंतर पावलांनी मोजून मोकळे होतात. उलट करा.

भारताचा नकाशा त्रिकोणांनी मोजायचं काम १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालं, तेव्हा विल्यम लॅम्बटनने आधी सुमारे साडेसात मैलांची एक सरळ पायारेषा साखळीने जमिनीवर मोजली. त्या एका रेषेला ५७ दिवस लागले. पुढचे त्रिकोण त्या रेषेच्या जिवावर उभे राहिले. त्याच सर्वेक्षणात राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून पंधराव्या क्रमांकाचं शिखर जगात सर्वांत उंच ठरलं आणि १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. तेच एव्हरेस्ट. आपल्याला वीस मीटर मोजायचे आहेत, तेव्हा पाच मिनिटं द्यायला हरकत नाही.

अंतर मोजताना या गोष्टींकडे लक्ष ठेवा.

टेपचा शून्य कुठे आहे ते बघा. काही टेपांचा शून्य कडीच्या टोकाला असतो, काहींचा कडीनंतर थोडी कोरी पट्टी सोडून.

टेप ताणून धरा. मध्ये गाडी किंवा कुंडी आली म्हणून वळसा घालून मोजलेलं अंतर उपयोगाचं नाही. जागा बदला.

अंतर भिंतीपर्यंत नाही, तर तुम्ही वर जो बिंदू बघणार त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपर्यंत हवं. कठडा भिंतीच्या दीड फूट पुढे आलेला असेल तर त्याच्या कडेखाली ओळंब्याच्या रेषेत जमिनीवर खडूची खूण करा आणि तिथपर्यंत मोजा.

आणि फूट-इंच. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ फूट नव्हे, ५.५ फूट. ही चूक मी शिकल्यासवरल्या माणसांकडून पाहिली आहे, स्वतःसकट. म्हणून सगळं मीटरमध्ये मोजा आणि शेवटी एकदाच ३.२८ ने गुणून फूट करा.

पायरी ३: ऊन असेल तर सावलीने मोजा

पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. कोन नाही, टॅन नाही, फक्त समरूप त्रिकोण. एका वेळी सगळ्या उभ्या वस्तूंवर ऊन एकाच कोनात पडतं, त्यामुळे काठी आणि तिची सावली यांचं जे गुणोत्तर, तेच इमारत आणि तिच्या सावलीचं.

इमारतीची उंची = इमारतीची सावली × काठीची उंची ÷ काठीची सावली

आपल्याकडे ही रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत छायाव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. तिथला शंकू, म्हणजे सावलीसाठी उभी करायची काठी, बारा अंगुळांचा, आपली काठी एक मीटरची.

जानेवारीत सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या एक मीटर काठीची सावली १.२२ मीटर होती आणि इमारतीची २२.४ मीटर. २२.४ ÷ १.२२ = १८.३६ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट.

वाचायला सोपं आहे, पण यात पाच ठिकाणी पाय घसरतो.

*भिंतीची सावली मोजू नका, कोपऱ्याची मोजा.* ऊन भिंतीवर तिरकं पडत असेल तर भिंतीपासून काटकोनात मोजलेली सावली खऱ्या लांबीपेक्षा कमी भरते. कठड्याचा एक कोपरा निवडा. त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून त्याच कोपऱ्याच्या सावलीच्या टोकापर्यंत, सावलीच्या दिशेने, टेप धरा. आपली दिशा बरोबर आहे का, ते काठीच्या सावलीवरून कळतं. दोन्ही रेषा समांतर हव्यात.

*दोन्ही सावल्यांवर एकाच वेळी खूण करा.* त्या वेळी आमच्या इमारतीची सावली मिनिटाला दहा-बारा सेंटिमीटरने आखडत होती. मी आधी इमारतीची सावली मोजली, मग काठी शोधायला घरात गेलो, चहा झाला आणि मग काठीची मोजली. ते उत्तर सोडूनच द्या. मदतनीस काठीपाशी, तुम्ही इमारतीच्या सावलीपाशी, "आता" म्हटलं की दोघांनी खडूची रेघ मारायची. टेप नंतर सावकाश लावा.

*काठी ओळंब्यात हवी.* डोळ्याला सरळ दिसणारी काठी बहुतेक वेळा कललेली असते.

*सावलीची कड अस्पष्ट असते.* सूर्य बिंदू नाही, आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यामुळे उंच कोपऱ्याची सावली टोकाला विरत जाते. आमच्याकडे हा धूसर पट्टा जवळजवळ चाळीस सेंटिमीटरचा होता. पट्ट्याच्या मधोमध खूण करा. काठीच्या सावलीतही दोनेक सेंटिमीटरचा पट्टा असतो. तिथेही मध्यच धरा. एकीकडे मध्य आणि दुसरीकडे कड धरली तर अर्ध्या फुटाचा फरक सहज पडतो.

*सावली सपाट जमिनीवर पूर्ण पडली पाहिजे.* ती समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर चढली असेल तर थांबा. सूर्य वर आला की आखडेल.

पण फार वरही येऊ देऊ नका. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोन दिवस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पायाखाली नाहीशी होते. पुण्यात हा शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या आसपास, मुंबईत १५ मेच्या आसपास. दुसरा जुलैअखेरीस येतो आणि ढगांत जातो. मे महिन्यात दुपारी बारा वाजता सावली मोजायला उतरलात तर मोजायला काही उरलेलंच नसेल. हिवाळ्यातल्या सकाळी उत्तम. परदेशात असाल तर अडचण उलटी: लंडनला डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम पंधरा अंश असतो आणि सावली उंचीच्या पावणेचार पट होते. ती शेजारच्या गल्लीत जाऊन पडते.

पायरी ४: ढगाळ असेल तर परातीतलं पाणी

जमिनीवर आरसा ठेवायचा आणि त्यात इमारतीचं टोक दिसेपर्यंत मागे सरकायचं, ही रीत मुलांना फार आवडते. आपण आणि आरसा हा एक त्रिकोण, इमारत आणि आरसा हा दुसरा, दोन्ही समरूप.

अडचण आरशाची असते. तो एक अंश कलला तर प्रतिबिंब दोन अंश हलतं. म्हणून आरसा बाजूला ठेवा आणि परातीत पाणी घ्या. पाणी स्वतःच स्वतःला समपातळीत आणतं, पाणसळ लावायला नको. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने पाण्यातल्या प्रतिबिंबावरूनच उंची काढण्याची रीत दिली होती. स्टीलच्या चकचकीत परातीत तळ आणि प्रतिबिंब एकमेकांत मिसळतात, तेव्हा काळ्या तळाचं पसरट भांडं घ्या किंवा पाण्यात थोडी शाई टाका. वारा असेल तर हा नाद सोडा.

माझे आकडे: डोळ्याची उंची १.५२ मीटर, पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या जागेपासून माझे पाय १.२० मीटर, तिथून इमारत १४.५ मीटर. १.५२ × १४.५ ÷ १.२० = १८.३७. छान जुळलं, पण नशीब होतं. त्या १.२० मध्ये पाच सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले की उत्तर पाऊण मीटर हलतं. एकट्या या रीतीवर विसंबू नका.

आणि डोळ्याची उंची म्हणजे तुमची उंची नव्हे. भिंतीला टेकून उभे राहा, चपला घालूनच, आणि डोळ्याच्या रेषेत दुसऱ्याला खूण करायला सांगा. हा आकडा पुढे प्रत्येक पायरीत लागणार आहे.

पायरी ५: गुण्या हातात घ्या आणि मागे चालत जा

मला सर्वांत आवडलेली रीत ही. हिच्यात कॅल्क्युलेटर लागत नाही.

कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या घ्या. त्याची एक छोटी बाजू उभी राहील असा डोळ्याजवळ धरा. ती खरंच उभी आहे का हे कळण्यासाठी वरच्या कोपऱ्यातून दोरा आणि नट सोडा. दोरा त्या बाजूला लागून सरळ लोंबला पाहिजे. आता तिरक्या बाजूवरून वर बघा आणि कठड्याची कड त्या रेषेत येईपर्यंत पुढे-मागे सरका. कड रेषेत आली की तुम्ही ४५ अंशांवर उभे आहात.

टॅन म्हणजे कोनासमोरची उभी बाजू भागिले जमिनीलगतची आडवी बाजू. ४५ अंशांचा टॅन १. म्हणजे तुमचं इमारतीपासूनचं अंतर म्हणजेच तुमच्या डोळ्यावरची इमारतीची उंची. त्यात डोळ्याची उंची मिळवा.

मी १६.८० मीटरवर येऊन थांबलो. १६.८० + १.५२ = १८.३२ मीटर.

गल्ली अरुंद आहे, इतकं मागे जाता येत नाही? पेटीतला दुसरा गुण्या घ्या, ३०-६०-९० वाला. ६० अंशांवर कड दिसेपर्यंत सरका, अंतराला १.७३ ने गुणा आणि डोळ्याची उंची मिळवा. आमच्या इमारतीला त्यासाठी जेमतेम ९.७ मीटर पुरले. जुन्या पेठांतल्या वाड्यांसमोर हाच गुण्या कामाला येतो.

४५ ला आणखी एक फायदा आहे. कोन मोजण्यात एका अंशाची चूक झाली तर १८ मीटर उंचीला ४५ अंशांपाशी साधारण ६३ सेंटिमीटरचा फरक पडतो. तीच चूक ७० अंशांपाशी किंवा २० अंशांपाशी झाली तर जवळजवळ एक मीटरचा. अगदी खेटून उभं राहणं वाईट आणि फार लांब जाणंही वाईट. खेटून उभं राहिलं की आणखी एक फसवणूक होते: सज्जा किंवा बाल्कनी मध्ये येते आणि तिचीच कड आपण कठडा समजून धरतो.

पायरी ६: कोनमापकाने हवा तिथून कोन घ्या

मध्ये गाड्या लावलेल्या आहेत आणि ४५ अंशांची जागा नेमकी कुणाच्या तरी बोनेटवर येते, असं झालं की कोनमापक काढा.

कोनमापक उलटा धरा, सपाट बाजू वर. सपाट बाजूला बॉलपेनची नळी चिकटवा. मधल्या छिद्रातून दोरा ओवून खाली नट बांधा. झाला तुमचा क्लायनोमीटर, म्हणजे उंचीचा कोन मोजायचं साधन. शरबताची जाड स्ट्रॉ वापरू नका. तिच्या भोकातून बघताना नजर दीड-पावणेदोन अंश इकडेतिकडे होऊ शकते आणि सगळी मेहनत तिथेच सांडते.

नळीतून कठड्याची कड बघा, दोरा स्थिर होऊ द्या आणि मदतनिसाला आकडा वाचायला सांगा. तुम्ही स्वतः वाचायला मान वळवलीत की हात हलतो. पाच वेळा वाचा, अगदी वेगळा पडलेला आकडा टाका, उरलेल्यांची सरासरी घ्या.

उंची = अंतर × टॅन(उन्नत कोन) + डोळ्याची उंची

उन्नत कोन म्हणजे आडव्या रेषेपासून नजर जितकी वर जाते तो कोन. २० मीटर अंतरावरून मला तो ४० अंश मिळाला. टॅन ४० = ०.८३९१. २० × ०.८३९१ = १६.७८, अधिक १.५२, म्हणजे १८.३० मीटर.

आता माझ्या त्या पहिल्या रविवारच्या तीन उत्तरांतल्या दोन चुकलेल्यांचा उलगडा.

८३ फूट असे आले: नळी आडवी असते तेव्हा दोरा ९० वर असतो, शून्यावर नाही. नळी ४० अंश वर केली की दोरा ५० दाखवतो. मी ५० हाच कोन समजलो आणि टॅन ५० घेतला. दोऱ्याचा आकडा ९० मधून वजा करायचा. इमारत एका झटक्यात दोन मजल्यांहून जास्त वाढली.

५५ फूट असे आले: डोळ्याची उंची मिळवायची राहिली. पुस्तकातल्या गणितात निरीक्षक बऱ्याचदा बिंदू असतो, त्यामुळे ही सवयच लागलेली नसते.

तिसरा सापळा माझ्या नव्हे, मुलीच्या वाट्याला आला. तिच्या फोनवर टॅन ४५ चं उत्तर १.६२ येत होतं. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात होता. कामाला लागण्यापूर्वी टॅन ४५ टाकून बघा. उत्तर १ आलं तरच पुढे जा. काही फोनमध्ये टॅनचं बटण फोन आडवा धरल्याशिवाय दिसतच नाही.

फोनवर कोन मोजणारी ॲपही मिळतात आणि ती वाईट नसतात. पण फोनचं कव्हर आणि मागे उंचावलेला कॅमेरा यांमुळे फोनची कड आपल्याला वाटते तशी सरळ नसते. आधी सपाट टेबलावर ठेवून ॲप शून्य दाखवतं का ते तपासा.

*जमीन उताराची असेल तर* डोळ्याची उंची मिळवून भागत नाही. तुम्ही इमारतीच्या पायथ्यापेक्षा वर किंवा खाली उभे असता. अशा वेळी दोन कोन घ्या: एक वर कठड्याचा, एक खाली पायथ्याचा, म्हणजे अवनत कोन. दोन्हींच्या टॅनची बेरीज करून अंतराने गुणा. यात डोळ्याची उंची लागतच नाही, म्हणून सपाट जमिनीवरही मी आता असंच करतो. पायथाच तुमच्या डोळ्यापेक्षा वर असेल तर बेरजेऐवजी वजाबाकी. अंतर मात्र उतारावरून मोजलेलं नको, आडवं हवं. टेप समपातळीत धरून तुकड्या-तुकड्याने मोजा.

पायरी ७: पायथ्यापर्यंत पोचता येत नसेल तर

मध्ये नाला आहे, कुंपण आहे, किंवा वस्तूच अशी आहे की टोकाच्या खालचा बिंदू आत दडलेला आहे. देवळाचं शिखर घ्या. कळसाच्या बरोबर खाली गाभारा असतो, बाहेरची भिंत नव्हे. भिंतीपर्यंत अंतर मोजलंत तर शिखराची उंची कमी भरणार. पिरॅमिडचीही तीच गोष्ट आहे. प्राचीन ग्रीक गणिती थेल्सने सावलीवरून पिरॅमिडची उंची काढली असं सांगतात. पण गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची बाजू सुमारे २३० मीटर, म्हणजे टोकाखालचा बिंदू कडेपासून ११५ मीटर आत. ते अर्ध मिळवल्याशिवाय सावलीला अर्थ नाही.

यावर उपाय म्हणजे दोन जागांवरून दोन कोन. गुण्याने हे फार सुटसुटीत होतं. ३०-६० चा गुण्या घ्या. टोक ६० अंशांवर दिसतं तिथे खडूची खूण करा. मग त्याच सरळ रेषेत मागे जात राहा आणि टोक ३० अंशांवर दिसेल तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजा आणि ०.८६६ ने गुणा. डोळ्याची उंची मिळवा. इमारतीला हात लावायची गरजच नाही.

गावाकडच्या पाण्याच्या टाकीभोवती कुंपण आहे, तिथे मी हे केलं. खुणांमधलं अंतर २१ मीटर आलं. २१ × ०.८६६ = १८.१९, अधिक १.५२, म्हणजे १९.७ मीटर.

दोन्ही खुणा आणि टोकाखालचा बिंदू एकाच रेषेत हवेत आणि जमीन सपाट हवी. दोन जागा अगदी जवळजवळ घेऊ नका. कोनांत फरक थोडा असला की छोटी चूकही मोठी होऊन बसते.

पायरी ८: पायऱ्या मोजून पडताळा घ्या

एका रीतीचं उत्तर सभेत घेऊन जाऊ नका. किमान दोन वेगळ्या रीतींनी मोजा आणि मग जिना चढा.

हो, जिना. खालपासून गच्चीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मोजा. एका पायरीची उंची मोजून गुणू नका, गवंड्याच्या हातून पायऱ्या सारख्या होत नाहीत. वेगवेगळ्या मजल्यांवरच्या दहा पायऱ्या मोजून सरासरी घ्या. आमच्याकडे १०८ पायऱ्या निघाल्या (वॉचमन हात जोडून म्हणाला, "साहेब, जपमाळ झाली"), सरासरी उंची १५.९ सेंटिमीटर. १०८ × ०.१५९ = १७.१७ मीटर गच्चीपर्यंत, त्यात १.१० मीटरचा कठडा मिळवून १८.२७.

गच्चीवरून दोरी सोडून थेट मोजता येतं, आणि अनेक जण हेच आधी सुचवतात. करायचं तर कठड्यावरून वाकू नका, खाली कुणी उभं राहणार नाही याची काळजी घ्या आणि जिथून विजेच्या तारा गेल्या आहेत त्या बाजूला दोरी मुळीच सोडू नका. मुलांना हे काम देऊ नका. सावली मोजतानाही नळीतून सूर्याकडे बघायचं नाही, हे त्यांना आधी सांगा.

तर आमची उत्तरं: सावली १८.३६, परात १८.३७, गुण्या १८.३२, कोनमापक १८.३०, जिना १८.२७. मी १८.३ मीटर लिहिलं, ६० फूट. त्यापुढचे दशांश लिहू नका. या साधनांनी फूटभर इकडेतिकडे होणारच आणि तीन दशांश स्थळं लिहिली म्हणून ते कमी होत नाही. महापालिकेच्या कामाला किंवा कोर्टाला हे आकडे चालणार नाहीत, त्यासाठी परवानाधारक सर्व्हेअर हवा. कोटेशन तपासायला मात्र पुरेसे आहेत.

वहीत शेवटी एवढं लिहून ठेवा: तारीख आणि वेळ, कुठपासून कुठपर्यंत मोजलं ते चित्र, प्रत्येक रीतीचे कच्चे आकडे आणि कुणी वाचले त्यांची नावं. उत्तरापेक्षा हे कच्चे आकडे उपयोगी पडतात. समोरच्याला शंका आली तर त्याच्यासमोर पुन्हा मांडता येतात.

कंत्राटदार आला तेव्हा तेच झालं. वही बघून तो चिडला नाही. वर बोट दाखवून म्हणाला, "अहो, टाकीच्या माथ्यापर्यंत सत्तरच आहे." आणि होतंच, आम्ही गुण्याने तेही मोजलं. त्याचा आकडा खरा होता, फक्त इमारतीच्या २६० फूट घेराला त्याने सगळीकडे सत्तर लावले होते, आणि टाकी काही घेरभर पसरलेली नाही. दहा फूट गुणिले २६०, म्हणजे २,६०० चौरस फूट हवेला रंग.

"मग टाकी आणि जिन्याची खोली वेगळी धरा," तो म्हणाला. आम्ही वेगळी धरली.